फळ्यावरची रिकामी जागा

लग्नकार्यात कुणी विचारले, "काय करता?" तर मी सांगतो, विमाने दुरुस्त करतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे मोठे जेट उभे राहते. मग खुलासा करावा लागतो. आमचे विमान दोन माणसांचे, एका इंजिनाचे, पुढे पंखा फिरतो ते. सेस्ना १५२. एका फ्लाइंग क्लबात मुले त्यावर उडायला शिकतात. ही विमाने १९७७ ते १९८५ या काळातच बनली, म्हणजे त्यातले सगळ्यात तरुण विमानही चाळिशीला आलेले. यावर ठरलेला प्रश्न येतो, "एवढ्या जुन्या विमानात पोरांना बसवता?"

बसवतो. कारण विमानाचे वय आम्ही वर्षांपेक्षा तासांत मोजतो. पन्नास तास उडाले की ऑइल बदलायचे, शंभर तासांना ठिकठिकाणची झाकणे उघडून सगळे तपासायचे. जुना ऑइल फिल्टर तसाच फेकत नाही. तो कापून आतला कागद उलगडतो आणि धातूचा चुरा दिसतो का बघतो. चारही सिलिंडरमध्ये एकेक करून ८० पौंड दाबाची हवा सोडतो आणि किती टिकते ते पाहतो. हवा निसटत असेल तर कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून काचेच्या नळीत धरायचे. विमानाचे पेट्रोल निळसर असते. पाणी जड, ते खाली बसते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर जुने झाले असेल, तर तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचे.

उडण्याआधी पायलट इंजिन १,७०० फेऱ्यांवर आणतो. ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात. आलटून पालटून एकेक बंद करायचा. फेऱ्या थोड्या उतरल्या पाहिजेत. १२५ पेक्षा जास्त उतरल्या तर विमान परत. आणि अजिबात उतरल्या नाहीत तरीही परत, कारण बंद केलेला मॅग्नेटो खरोखर बंदच होत नसेल. मग उभ्या विमानाचा पंखा कुणी सहज हाताने फिरवला तर इंजिन पेट घेऊ शकते आणि हात जाऊ शकतो.

माझे अब्बा स्कूटरचे मिस्त्री होते. गॅरेजमध्ये तारेने बांधून, दुसऱ्या गाडीचा पार्ट घासून बसवून काम चालायचे. त्यात कमीपणा नव्हता. गिऱ्हाइकाच्या खिशात तेवढेच असायचे आणि स्कूटर बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहू शकायचा. विमानाला कडेला उभे राहता येत नाही. म्हणून इथे नटसुद्धा कागदपत्रांसह येतो, आणि काम संपले की लॉगबुकात माझी सही लागते. सही म्हणजे, हे विमान उडायला योग्य आहे, असे मी सांगतो.

ती सही मी एकदा चुकीची केली आहे.

शंभर तासांची तपासणी होती. दिवसभर उकाडा. शेवटची एसटी साडेसहाची. मी झाकणे लावली, सही केली आणि हत्यारांच्या फळ्याकडे वळलो. आमच्याकडे प्रत्येक हत्याराचा आकार फळ्यावर रंगवलेला असतो, काय परत आले नाही ते चटकन दिसावे म्हणून. छोट्या टॉर्चची जागा रिकामी होती. आधी हत्यारे मोजायची, मग सही, हा नियम. मी उलटे केले होते. मदतनीस म्हणाला, "असेल टेबलाखाली, उद्या बघू." मी एसटी पकडली.

घरी अब्बा जेवायला थांबले होते. माझा घास अडकलेला पाहून त्यांनी विचारले. मी सांगितले, आणि वर म्हणालो, "बहुतेक टेबलाखालीच आहे." अब्बांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बहुतेक? सुबह कौन बैठनेवाला है उसमे?"

सकाळी सव्वासहाला एक विद्यार्थिनी एकटी उडणार होती. एकोणीस वर्षांची.

मी मुख्य इंजिनिअर साहेबांना फोन करून सगळे खरे सांगितले. शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन परत गेलो. वॉचमनने हँगर उघडला. साहेबही आले, एक शब्द बोलले नाहीत. टेबलाखाली टॉर्च नव्हती. सामान ठेवायच्या जागेमागचे झाकण काढले. शेपटाकडे जाणाऱ्या केबलपासून वीतभर अंतरावर ती आडवी पडली होती. विमान वर-खाली करणारी केबल. हवेत एखादा धक्का बसला असता तर टॉर्च कुठे घरंगळली असती, याचा हिशोब मी आजही पूर्ण करत नाही.

माझे हात थरथरत होते. साहेबांनी लॉगबुक पुढे केले. लॉगबुकात खोडायला बंदी असते. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही करायची. मी रेघ मारली. मग दोघांनी मिळून पुन्हा सगळे पाहिले, हत्यारे मोजली आणि रात्री साडेअकराला मी नवी सही केली.

अमानत हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. दुसऱ्याची वस्तू सांभाळून तशीच परत करणे, एवढाच अर्थ घेत होतो. त्या रात्री कळले की एखाद्या अनोळखी आईची मुलगीही माझ्याकडे अमानत असू शकते, आणि तिला ते माहीतही नसते.

ती मुलगी सव्वासहाला उडाली, तीन चकरा मारून उतरली, मैत्रिणींनी तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता क्लबात नवीन पोरे शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना इंजिन दाखवत नाही. लॉगबुकाचे ते पान उघडतो आणि रेघेखालची माझी सही वाचायला लावतो.