उघड्या छातीचे दिवस

छातीवरची जखम मुद्दाम उघडी ठेवून माणूस बरा करतात, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या वसईजवळच्या वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये बोट चेपणं, पत्रा लागणं नवीन नाही. त्यामुळे जखमेबद्दलचं आमचं शास्त्र ठरलेलं: टाके घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, पट्टी बांधून कामावर या. अण्णांच्या आजारपणात हे शास्त्र पार मोडीत निघालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. लेथवर उभं आयुष्य गेलं. मधुमेह जुना, बिडी त्याहून जुनी. हार्ट अटॅक आला आणि मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांची बायपास तातडीने करावी लागली. हायवेवर वर्सोव्याच्या खाडीपुलाआधी अँब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली, तेवढ्यात आईने कुलदैवतापासून जीवदानीपर्यंत सगळ्यांना नवस बोलून घेतले. ऑपरेशन पार पडलं, अण्णा घरी आले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

मग टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी झिरपायला लागलं. अण्णा खोकले की छातीत कट् असा आवाज यायचा. आई म्हणाली, हाड जुळतंय. शेजारचे म्हणाले, हळद लावा. थंडी वाजून ताप भरला तेव्हा पुन्हा तोच हायवे, तोच पूल.

वॉर्डात मला पहिल्यांदा कळलं की बायपासमध्ये नेमकं काय करतात. छातीच्या मधलं हाड करवतीने उभं कापायचं, दोन्ही बाजू फाकवायच्या, हृदयाचं काम झालं की स्टीलच्या तारांना पीळ देऊन हाड पुन्हा बांधायचं. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून गप्प ठेवता येतं, छातीला नाही; ती दर श्वासाला हलते. त्यात जंतू शिरले की हाड कुजतं, तारा सैल होतात किंवा हाडाला कापत जातात. आम्ही ऐकला तो ‘कट्’ सुट्या झालेल्या हाडाच्या कडा एकमेकींवर घासण्याचा होता. असा खोल संसर्ग साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतो, असं डॉक्टर म्हणाले. मधुमेह, लठ्ठपणा आणि बिडी-सिगारेट असेल तर धोका वाढतो, आणि घाईच्या ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणायला सवडच मिळत नाही.

अण्णांना थिएटरमध्ये नेऊन तारा काढल्या, कुजलेलं हाड खरवडलं आणि जखम तशीच उघडी ठेवून परत आणलं. मी रेसिडेंट मॅडमना गाठलं.

“मॅडम, शिवून का नाही टाकत?”

“काय शिवू? कुजलेल्या कडा शिवल्या तर पू आतच राहील. खाली हृदय आहे, दादा.”

ड्रेसिंगच्या वेळी मला बाहेर काढायचे, पण एकदा पडदा अर्धवट राहिला आणि मी पाहिलं. लालसर खळगा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी एका लयीत उडत होतं. ते माझ्या बापाचं काळीज होतं. मी भिंतीला टेकलो. मागून आवाज आला, “मामा, ह्याला पाणी द्या.” तिथे वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. माझे खरे मामा भेटायला आलेले, तेच बिचारे पाणी आणायला धावले.

पुढे जखमेत काळा स्पंज भरून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि त्यातून नळी काढून मशीनला जोडली. मशीन स्पंजमधली हवा ओढून घेतं, पट्टी आत चेपते, घाण पाणी डब्यात जमा होतं. आमच्या गाळ्यात व्हॅक्युम फॉर्मिंगवर तापलेलं शीट साच्याला असंच चिकटतं, म्हणून एवढं एक यंत्र मला पाहताक्षणी कळलं. मशीनवर उणे १२५ दिसायचं. पट्टी कुठे सुटली की मशीन बोंबलायचं आणि मी सिस्टरांकडे पळायचो. दर बदलाला स्पंजखालचं मांस जास्त लाल दिसतंय, असं सिस्टर सांगायच्या. लाल म्हणजे रक्त पोचतंय, आणि रक्त पोचलं तरच औषध पोचतं.

त्यानंतर प्लास्टिक सर्जन आले. नातेवाइकांत कुजबुज झाली, ह्या वयात कसली सुंदर छाती करायची? मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर पेनाने छाती काढून दाखवली. दोन्हीकडचे छातीचे मोठे स्नायू हाडापासून सोडवायचे, पण खांद्याकडून येणारी त्यांची रक्तवाहिनी शाबूत ठेवायची, आणि ते मधोमध सरकवून खळगा भरायचा. मी विचारलं, पोटाचा स्नायू का नाही? त्या म्हणाल्या, डावीकडच्या पोटाच्या स्नायूला वरून रक्त देते तीच छातीतली रक्तवाहिनी बायपासला वापरलीय. तीच हाडालाही रक्त द्यायची, म्हणून हाडाचा रक्तपुरवठाही आधीच कमी झालेला. छातीचा स्नायू पुरला नाही तर पोटातला चरबीचा पदर, ओमेंटम, वर आणतात.

रक्ताचं मूळ न तोडता शरीराचा तुकडा हलवायचा, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाचं नाक पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून बनवलं. त्याची हकिकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापली. छातीच्या जंतू लागलेल्या जखमा स्नायू वळवून भरण्याचा पाया मात्र १९८० मध्ये अटलांटाच्या मॉरिस जर्किविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्याआधी अशा संसर्गात दगावणारे बरेच असत.

ऑपरेशननंतर अण्णांच्या दोन्ही कुशीतून नळ्या, खाली रक्तपाण्याच्या बाटल्या. नियम कडक: हातावर भार देऊन उठायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. रोज अंडी, डाळ, आणि साखर मोजायची. बिडी बंद, हे मॅडमनी आईसमोर सांगितलं, म्हणून पाळलं गेलं.

आता अण्णा नाक्यापर्यंत चालत जातात. छातीच्या मधे हाड कमी आहे, तिथे हात ठेवला तर मऊ लागतं आणि खोकताना थोडं हलतं. लेथ सुटलं. पण जखम बुजली आणि माणूस घरी आहे.

वालीवमध्ये कुणाच्या घरी छातीचं ऑपरेशन झालं असेल तर एवढं लक्षात ठेवा. टाक्यांतून पाणी आलं, ताप भरला किंवा खोकताना हाड वाजलं, तर हळद नको आणि नाक्यावरचं रोजचं ड्रेसिंगही नको. डिस्चार्ज कार्ड घ्या आणि जिथे छाती उघडली होती त्याच रुग्णालयात त्याच दिवशी जा. रुग्ण हलत नसेल तर १०८ ला फोन करा. पैशाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. आणि डॉक्टर जखम उघडी ठेवू म्हणाले, तर त्यांना ठेवू द्या.