बोम्मसंद्र्याला जाताय? क्रियापदाचं शेपूट ओळखा!

बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि आर. व्ही. रोडहून सोळाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानकापर्यंत थेट येता येऊ लागलं. इथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि डॉ. देवी शेट्टींचं नारायणा रुग्णालयही. कुणी कामासाठी येतं, कुणी उपचारासाठी. कन्नड येत नसेल, तर थोडं बावरायला होतं.

अशा वेळी घरातल्या मुलांची मदत घ्या. मोबाइलवर स्पॅनिश शिकणारं कुणी असेल, तर त्याला ‘त्राबाहार’ म्हणजे ‘काम करणे’ हे क्रियापद चालवून दाखवायला सांगा. शेवटचं ‘आर’ काढायचं आणि नवं शेपूट लावायचं: मी त्राबाहो, तू त्राबाहास, तो किंवा ती त्राबाहा, आम्ही त्राबाहामोस, ते त्राबाहान. शेपटावरूनच कर्ता कळतो, म्हणून ‘मी’, ‘तू’ म्हटलं नाही तरी चालतं.

कन्नडची रीत हीच. ‘माडु’ म्हणजे ‘कर’. मी माडुत्तेने, तू माडुत्तीय, तो माडुत्ताने, ती माडुत्ताळे, आम्ही माडुत्तेवे, तुम्ही माडुत्तीरि, ते माडुत्तारे. आपल्याकडे बाई ‘करते’ म्हणते आणि पुरुष ‘करतो’. कन्नडमध्ये मात्र ‘मी’ म्हणताना दोघांचंही माडुत्तेने, जसं स्पॅनिशमध्ये दोघांचंही त्राबाहो. मोठ्या माणसाबद्दल बोलताना आपण ‘करतात’ म्हणतो, तसं इथे माडुत्तारे. बोलताना हे शब्द आखडतात. माडुत्तेनेचं ‘माड्तीनि’ होतं. पण शेपूट राहतंच.

रुग्णालयात याचा खरा उपयोग होतो. ‘बरु’ म्हणजे ‘ये’. ‘डॉक्टर यावाग बरुत्तारे?’ म्हणजे ‘डॉक्टर कधी येतील?’ येतात आणि येतील, दोन्हींसाठी हेच रूप चालतं. उत्तरात नर्स ‘बरुत्तेने’ म्हणाली, तर ती स्वतः येणार आहे. ‘बरुत्तारे’ म्हणाली, तर डॉक्टर येणार आहेत. आतल्या खाटेवर आपलं माणूस असताना, नेमकं कोण येणार हे कळणं केवढा दिलासा असतो!

तेव्हा निघण्याआधी सगळं व्याकरण पाठ करत बसू नका. ‘एने’ म्हणजे मी, ‘ईरि’ म्हणजे तुम्ही, ‘आरे’ म्हणजे ते. एवढी तीन शेपटं मेट्रोतल्या प्रवासात सहज पाठ होतात.