तरणा पाऊस

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावहून समुद्र गाठायचा तर सुरतेकडची गाडी धरावी लागते. तापीही तिकडेच जाते. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथलं कापडही त्याच दिशेनं बंदरावर जायचं. 1674 मध्ये इथे इंग्रजांची वखार होती. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेनं गाव लुटलं, 1679 मध्ये पुन्हा लुटलं. गाव कोरडवाहू असलं, तरी गलबतांशी त्याचा व्यवहार असा जुना. तरीही इथल्या माणसाच्या लेखी समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट. तो आमच्याकडे येतो तो फक्त आभाळातून, आणि तेवढ्यासाठीच त्याची वाट बघायची.

ही वाट बघणं नक्षत्रांवर मोजलं जातं. मृग गेला, आर्द्रा गेली, कपाशीचे दोन-चार अंकुर वर आले आणि माना टाकून बसले, की बांधावरचा माणूस पुनर्वसूकडे डोळे लावतो. पुनर्वसूच्या पावसाला जुनी माणसं तरणा पाऊस म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरण्याच्या अंगात जोर असतो, तो पडला तर दुबार पेरणी टळते. म्हणून आखाडात पश्चिमेकडून वारा सुटला की ओट्यावरची माणसं बोलता बोलता थांबतात आणि मान वर करतात. सुटू दे, म्हणतात, अजून सुटू दे.

17 जुलै 1947 हा दिवस पुनर्वसूच्या शेवटच्या दिवसांपैकी एक. आखाडाची अमावास्या तोंडावर आलेली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ नावाची आगबोट अलिबागजवळच्या रेवसला निघाली. 1936 साली विलायतेत बांधलेली ही बोट जेमतेम 179 फूट लांब होती. आत सातशेच्या आसपास माणसं. गिरण्यांत राबणारे, सणाला घरी निघालेले, बाजारहाट आटोपून परतणारे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. तासाभरात वाटेतल्या काशाच्या खडकाजवळ वाऱ्यानं आणि लाटांनी तिला घेरलं. पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट त्या बाजूला कलली ती कललीच. काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेंहून अधिक माणसं गेली.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. त्यामुळे तेरा-चौदा किलोमीटरवरच्या मुंबईला दुपार टळेपर्यंत पत्ता नव्हता. तिकडे कचेऱ्या चालू होत्या, ट्राम धावत होत्या, आणि इकडे माणसं फळकुटं धरून लाटांवर वरखाली होत होती. जी थोडी वाचली, त्यांतली बरीच रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी वाचवली. सांगतात, त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटली आणि त्या जागी माणसं घेतली. त्या दिवसाची सगळी कमाई होती ती. आमच्याकडच्या शेतकऱ्याला या कृतीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पिकलेलं स्वतःच्या हातानं मातीत घालणं म्हणजे काय, ते त्याला कळतं.

ही बोट ज्या कंपनीची, तिला कोकणी माणसं कौतुकानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परक्यांच्या बोटींतून किती दिवस जायचं, आपली बोट हवी, या स्वदेशीच्या हट्टातून कोकणच्या किनाऱ्यावर अशा बोटी आल्या. नावंही आपली, काही तर संतांची. पण समुद्रानं नावांची भीड कधी धरली नाही. 1927 च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या होत्या. इंद्रायणीनं तुकोबांची गाथा परत दिली, ही कथा ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरली, त्यांच्याच ‘तुकाराम’ला दर्यानं परत दिलं नाही. वीस वर्षांनी त्यानं ‘रामदास’ही घेतली. महिनाभरात लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरून गेली, आणि रेवसचं दुःख रेवस-अलिबागच्या घरांपुरतं उरलं.

मी हे सगळं वाचतो ते समुद्रापासून इतक्या लांब, कपाशीच्या गावात. आणि मनात घोळत राहतो तो वारा. अरबी समुद्रावरून येणारा हा वारा आधी कोकणच्या किनाऱ्यावर आदळतो, मग सह्याद्री चढताना आपलं ओझं तिथेच टाकतो. कोकणात दोन-तीन हजार मिलिमीटर, आमच्या जिल्ह्यात सातशेच्या आसपास. आमचं मोठं पाणी पुष्कळदा बंगालच्या उपसागराकडून येतं हे खरं, पण आखाडातली आमची सगळी आस या पश्चिमेच्या वाऱ्याला बांधलेली. काशाच्या खडकाजवळ ज्यानं बोट लोळवली, त्याच वाऱ्याला आम्ही इथे ओट्यावर बसून अजून सूट म्हणत असतो. त्याला ना आमची पेरणी ठाऊक, ना त्यांची बोट. जोर एकच. घाटाच्या पलीकडे त्याला तुफान म्हणतात, अलीकडे तरणा पाऊस.

यात पाऊस मागणाऱ्याचा दोष नाही. कोरड्या रानात पाऊस मागणं हे काही पाप नव्हे. वाऱ्याला दोष देऊन बोटीचा बिनतारी यंत्राविना झालेला प्रवासही झाकता येत नाही. वारा दरवर्षी येणारच होता, तयारी माणसांनी करायची होती. आता मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. खोळंबणारा प्रवासी कुरकुरतो, रस्त्यानं वळसा घालून जातो आणि घरी पोचतो.

आमच्याकडे पाऊस चांगला झाला की तो आपल्या पुण्याईनं झाला असं म्हणायची रीत आहे. म्हणावं. पण सकाळच्या पेपरात आपल्या तालुक्याचे मिलिमीटर बघताना नजर जरा खाली, अलिबागच्या आकड्याकडेही न्यावी. आपल्याकडे ढग पोचायच्या आधी तिथे कुणीतरी होडी ओढून वर घेतलेली असते.