कात्री कुणाच्या हातात?

आत्याच्या भिंतीवर येशू, आमच्या भिंतीवर बाबासाहेब. महारवाडा एकच. तिच्या सासरच्यांनी नगरकडच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेला, आम्ही १९५६ नंतर बौद्ध झालो. जेवायला बसलं की भांडण ठरलेलं.

आत्या म्हणायची, ‘ह्या पुस्तकातला शबूद न् शबूद देवाचा हाय. लिवलं मानसानं, पर फुंकर देवाची.’ तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय तिला पाठ. मी म्हणायचो, आत्या, मराठीत त्याचं नावच ‘पवित्र शास्त्र’. शास्त्र म्हटलं की माझं डोकं फिरतं. मनूचंही शास्त्रच होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते जाळलं (तुमचा नाताळ होता गं त्या दिवशी!). १९३६ मध्ये बाबासाहेबांनी लिहिलं, जात मोडायची तर शास्त्राचं प्रामाण्य मोडा. मग तुझंच का सोडू?

मला वाटायचं, जिंकलो.

मग एका बायबलाविषयी वाचलं. १८०७ साली लंडनमध्ये, वेस्ट इंडीजच्या काळ्या गुलामांसाठी खास छापलेलं. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग कापलेला, नव्याचा निम्मा. मोशे गुलामांना मिसरातून बाहेर काढतो, ते गायब. ख्रिस्तात दास न् स्वतंत्र हा भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं म्हणणं गायब. दासांनी धन्याचं ऐकावं, हे इफिसकरांच्या पत्रातलं मात्र शाबूत! फुंकर देवाची, मग कात्री कुणाची? देवाचा शब्द म्हणणारेच त्या शब्दाला घाबरत होते.

आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘म्हंजी त्यात कापन्याजोगं व्हतं तर.’

हे मला लागलं. मालकाला भिऊन कापावं लागेल असं पान मनुस्मृतीत मला तरी सापडलेलं नाही.

तरी मी प्रामाण्य मानत नाही. म्हटलं, दासांना गप्प बसवणारी ओळही त्याच फुंकरीतली ना? ‘ती वळ म्या वाचत न्हाय,’ आत्या म्हणाली. म्हणजे कात्री तिच्याही हातात आहे, फक्त उलट्या बाजूनं चालते. तिला हे कबूल नाही.

उलट मलाच विचारलं, ‘आन् तू रं? बाबासायबाचा कोन्ता शबूद तू सोडलास?’

पोथीत आहे म्हणून मानू नका, हे बुद्धानं कालामांना सांगितलं, ते मी बैठकीत सांगतो. आणि त्याच बैठकीत बाबासाहेबांचं वाक्य फेकून किती पोरांची तोंडं बंद केलीत, तेही मला ठाऊक आहे. आत्याला यातलं काही बोललो नाही. भाकरी मोडत राहिलो.