कात्रणातली पाचशे झाडं

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. जुलै तोंडावर आलाय, वन महोत्सवाच्या प्रेसनोटा यायला लागतील, त्याआधी हे लिहून मोकळं व्हावं म्हणतो.

दोन महिन्यांपूर्वी घरातली जुनी कात्रणं चाळत होतो. २०१९ च्या जुलैचं एक सापडलं. 'विद्यालयाच्या प्रांगणात ५०० वृक्षांची लागवड'. फोटोत एक रोप आणि त्याला धरलेले दहा-बारा हात. बातमी माझ्याच नावानं. खरं म्हणजे मजकूर आयता आलेला, मी फक्त मान्यवरांच्या नावांचा क्रम नीट लावला होता. क्रम चुकला की संध्याकाळपर्यंत फोन येतो. झाडं मेली तर कुणाचाच येत नाही.

ही शाळा माझीच. पाचवी ते दहावी तिथं काढली. म्हटलं, जाऊन बघू तरी.

एप्रिलचा शेवट होता. ऊन वाढलं की आपल्याकडं सकाळची शाळा भरते, कारण दुपारी पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. मी साडेदहाला पोचलो तर मुलं मैदानातनं पत्र्याच्या शेडकडं पळत होती. मैदानात सावलीच नव्हती. कुंपणाकडेनं फिरलो. खड्ड्यांच्या खुणा दिसत होत्या. एक लोखंडी पिंजरा आडवा पडलेला, त्याच्यावरचं देणगीदाराचं नाव मात्र अजून वाचता येतं. जिवंत झाडं मोजली. अकरा. सहा कडुलिंब, चार करंज आणि एक बहावा. तो नेमका फुलला होता.

ही अकरा कशी जगली ते शाळेचे शिपाई मामा सांगत होते. "पाचशे कुठली हो, एक टेम्पो आला व्हता. दीडशे असतील. निम्मी तर पिशवीसकट पुरली लोकांनी." रोपाची काळी पिशवी काढायची असते, हे फोटोच्या घाईत कोण सांगणार? मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि दिवाळीनंतर रोप मान टाकतं. खड्डाही दोन फूट खोल हवा, मुरुम असेल तर माती-शेणखत भरून घ्यावा लागतो. इथं टिकावाचे चार घाव मारून काम भागवलेलं. उरलेली शेळ्यांनी खाल्ली.

मग मामांनी हापशाजवळची एक रांग धरली. मुलं खिचडी खाऊन ताटं धुतात, ते पाणी नाली काढून त्या रांगेला नेलं. सुट्टीत ताटंही नसतात, तेव्हा घरून सायकलला दोन कॅन लावून आणायचे. पहिली तीन वर्षं असं केलं. "नंतर त्यांची ती जगतेत," म्हणाले. सहा वर्षांत यावर एक ओळ मी छापली नाही. कारण ताटं धुतल्याची प्रेसनोट निघत नाही.

आता मोठे आकडे बघा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटींचं उद्दिष्ट. पुढं सरकार बदललं आणि या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती जाहीर झाली. मी हे सगळे आकडे छापले. चौकशीचीही बातमी छापली. कुणी चोर, कुणी साव हा वाद मला इथं घालायचाच नाही. माझा सवाल साधा आहे. माणसं प्यायच्या पाण्याला मोताद असतील तिथं रोपाला पाणी कोण आणि कुठनं घालणार, हे त्या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. विचारणं हेच तर माझं काम.

याहून वाईट गोष्ट पुढं आहे. आज ना उद्या सांगायचीच होती.

शाळेच्या फाटकाशी एक मोठा कडुलिंब होता. माझ्या पिढीनं त्याच्याखाली डबे खाल्ले, अंगठे धरून उभे राहिलो तेही तिथंच. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा, असा आदेश हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्येच दिला होता. पण आपल्याकडं झाडाला गळ्यापर्यंत बांधून काढणं म्हणजेच सुशोभीकरण. दोन उन्हाळ्यांत शेंडा वाळला. मग 'धोकादायक' म्हणून एका रविवारी तोडला.

मला आदल्या रात्री फोन आला होता. मी गेलो नाही. त्याच आठवड्यात आमच्या वर्धापनदिनाच्या अंकाला तिकडचीच अर्ध्या पानाची जाहिरात होती. तालुक्याच्या ठिकाणी पेपर कशावर चालतो, ते सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी मी बातमी दिली, 'रस्त्याचा अडथळा दूर'. हे शब्द माझेच, कुणी लिहून दिले नव्हते.

कायदा तेव्हाही होता. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. शिवाय ती सात वर्षं सांभाळायची. म्हणजे कायद्यालाही कळतं की झाड एका दिवसात होत नाही. आमच्या वडलांच्या शाळेच्या फोटोतही तो लिंब दिसतो, तोही चांगला जाडजूड. साठच्या खाली त्याचं वय नव्हतं. त्याच्या बदल्यात फाटकाशी आज शोभेचे सात अशोक उभे आहेत, सरळसोट. साहेब आल्यावर उभे राहतात तसे. त्यांची सावली त्यांनाच पुरत नाही.

मामा पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्या जागी माणूस येणार नाही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित माध्यमिक शाळांमधली शिपायाची पदं रिकामी होतील तशी जाणार आणि शाळेला ठोक भत्ता मिळणार. भत्त्यातनं घंटा वाजेल, पाणी कोण घालेल? मी विचारलं तर मामा म्हणाले, "हायती त्यांचं काय नाय. नवी आणू नका म्हणावं, मी गेल्यावर."

परवा माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. त्या लिंबाचं वय किती नोंदवलं, तोडायची परवानगी कुणी दिली, बदल्यात किती झाडं लावली आणि ती आज कुठं आहेत. उत्तर आलं की इथंच टाकतो, जाहिरात मिळो न मिळो.

यंदाच्या प्रेसनोटांचं असं ठरवलंय. लागवडीची बातमी मी घेईन, पण पाणी घालणाऱ्याचं नाव त्यात असलं तरच. आणि तोच फोटो मे महिन्यात, त्याच जागेवरून, पुन्हा काढायला येईन. तुमच्याकडं २०१६ ते २०१९ मधले असे फोटो असतील तर खाली टाका. आज तिथं काय आहे तेही जाऊन बघा आणि मोजून लिहा. अंदाजे नको.