प्राणहितेकाठचं सिरोंचा

आमच्या वन्संचे यजमान नोकरीनिमित्त सिरोंच्याला असतात. "वहिनी, एकदा याच," असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि मी दरवर्षी मुलांच्या परीक्षा, नाहीतर पापड-कुरडया पुढं करायची. या माघात मात्र जाऊन आले.

चंद्रपूरहून सकाळी निघालो. अल्लापल्लीच्या पुढं शंभरेक किलोमीटर नुसतं सागाचं रान! मैत्रिणींनो, जाल तर डबा बरोबर घ्याच. गावात शिरलं की पाट्या मराठी आणि कानावर तेलुगू. गावाला लागून प्राणहिता वाहते. थोडं खाली ती गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. तिथं एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत.

संध्याकाळी नदीवर गेलो. मी सहज विचारलं, "हा काठ आपला आणि तो त्यांचा, हे ठरवलं कुणी?"

"कापसानं!" वन्संचे यजमान म्हणाले. मला थट्टाच वाटली.

पण गोष्ट खरी निघाली. सिरोंचा पूर्वी निजामाकडे होतं. वरचा अहेरीचा मुलूख भोसल्यांचा. 1854 साली नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा तो इंग्रजांकडे गेला. आर्थर कॉटन नावाच्या इंजिनियरचा (आडनावच कापूस, काय म्हणावं!) बेत असा, की वऱ्हाड-वर्ध्याकडचा कापूस बोटींत भरायचा आणि प्राणहिता-गोदावरीवरून थेट पूर्वेच्या समुद्राला न्यायचा. त्यासाठी नदी मोकळी हवी आणि निदान एक काठ आपल्या हातात हवा. मग 1860 साली निजाम अफझल-उद्-दौला यांच्याशी तह झाला. इंग्रजांनी पन्नास लाखांचं कर्ज सोडलं, नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत दिले. बदल्यात गोदावरीचा डावा काठ घेतला आणि नदीवरच्या मालाला जकात माफ झाली. म्हणजे आपलं धाराशिव 1948 पर्यंत निजामाकडे राहिलं, त्याची एक गाठ इथं, या वाळूत आहे. मी तर थक्कच झाले.

त्याआधी दोनच वर्षं, 1858 साली, याच नदीकाठी बंड पेटलं होतं. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव हे गोंड जमीनदार इंग्रजांवर उठले. प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याचे दोन साहेब मारले गेले. पुढं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी बाबूरावांना पकडून दिलं आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघं पंचवीस. बाईंना बक्षीस म्हणून अडपल्ली-घोटची जमीनदारी मिळाली. हे ऐकताना मी जरा अडखळलेच. त्याच वर्षी झाशीच्या लक्ष्मीबाई लढता लढता गेल्या. नाव तेच, साल तेच! अहेरीच्या बाईंच्या दाराशी इंग्रजांची फौज होती, पदरात जमीनदारी होती. आपण काय केलं असतं, कोण जाणे. तरी त्या बक्षिसाचं काही मला पटलं नाही.

तहानंतर सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. भद्राचलमपर्यंतचे सहा तालुके त्याच्या हाताखाली! इथल्या कॅप्टन ग्लासफर्ड या साहेबाच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा गाव अजून तालुक्यात आहे. पण नदीत खडकांचे तीन मोठे अडसर होते. ते फोडता, बाजूनं कालवे काढता पैसा पाण्यासारखा गेला. तोवर 1867 ला रेल्वे नागपुरात पोचली. कापूस मुंबईला चालला, मग नदी हवी कुणाला? 1871 ला काम थांबलं. 1874 ला जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यातली नुसती तहसील होऊन बसलं. (1982 पासून ते गडचिरोलीत आहे.)

कापूस गेला, पण काठ वाटलेले ते वाटलेलेच राहिले.

वन्संच्या शेजारच्या आजींचं माहेर पलीकडचं. पूर्वी नावेतून जात. एका श्रावणात वडील गेल्याचा निरोप आला आणि नदी दुथडी भरलेली. नाववाला नाहीच म्हणाला. "तीन दिवस इथं काठावर यायची अन् परत जायची," त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी पोचल्या, तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता मोठा पूल आहे. आजींची नात सकाळी पलीकडे जाऊन दुपारी जेवायला घरी येते. त्या दिवशी येताना तिनं अंबाडीची जुडी आणली होती. आजी तिला गोंगुरा म्हणतात. लाल मिरची आणि लसूण घालून त्यांनी ती खलबत्त्यात कुटली आणि गरम भातावर तेल घालून मला वाढली. निघताना एक बरणी बांधून दिली. ती घरी येईपर्यंत निम्मी झाली होती.