बँकॉकचे बिऱ्हाड

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रविवारी सकाळी आमच्याकडे आला. हातात वहीतून फाडलेला कागद होता. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'फायदे' आणि उजवीकडे 'तोटे' असे दोन मथळे. त्याला बँकॉकच्या एका कंपनीने नोकरीचे पत्र पाठवले होते.

"काका, तुम्ही तिथं एकोणीस वर्षं काढलीत. हे दोन रकाने तेवढे भरून द्या," तो म्हणाला.

मी चष्मा शोधू लागलो. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, एका कागदानं काय होतंय? चांगली शंभर पानी वही आणायला सांगा त्याला!"

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. भरायला बसलो की पंचाईत अशी होते, की एका रकान्यात लिहिलेली गोष्ट जरा वेळाने दुसऱ्या रकान्यात जाऊन बसते. म्हणून म्हटले, आधी सगळे सविस्तर लिहून काढावे.

मी कापड रंगवण्याच्या धंद्यातला माणूस. गिरण्यांच्या भाषेत डाइंग मास्टर. माझ्या तरुणपणी भांडुप हे कारखान्यांचे गाव होते. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या (जुनी मंडळी त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात) दोन्ही अंगांना कारखाने, आणि त्यांच्या भोंग्यांवर आमच्या चाळीतली घड्याळे लागत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्या एकेक करून थंडावल्या. आमचा रंगाईचा छोटा कारखाना कसाबसा तग धरून होता. १९९३ साली त्याच्याही दाराला कुलूप लागले. माझे वय तेव्हा एकोणचाळीस, मुलगी चार वर्षांची. बँकॉकच्या उत्तरेला रंगसित नावाचा कारखान्यांचा भाग आहे. तिथल्या एका कापड कारखान्यात जागा असल्याचे एका मित्राने कळवले, आणि १९९४ च्या जूनमध्ये आम्ही तिघे विमानात बसलो. तोवर आमचा लांबातला लांब प्रवास म्हणजे सावंतवाडी!

पहिल्या रात्रीची गोष्ट सांगतो. पहाटे चार वाजता सौ. दचकून उठली आणि न्हाणीघरात गेली. नळ सोडला, पाणी आले. बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा पाणी आले. बराच वेळ तिचा हाच उद्योग चालला होता. मुंबईला पाणी शुद्ध करून पुरवणारे भले मोठे केंद्र आमच्या भांडुपातच आहे; पण चाळीच्या नळाला पाणी यायचे ते पहाटे तासभर. बँकॉकमध्ये पहाटे उठायचे कारणच उरले नाही. तरी पुढे कितीतरी दिवस ती चार वाजता उठत असे आणि अंधारात नुसती बसून राही. आता ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालावी?

फायदे मात्र खरोखरच होते. पगार इथल्या चौपट. रस्ते स्वच्छ. गाड्यांची गर्दी विचारू नका, पण कोणी भोंगा वाजवत नाही. घरात शिरताना चपला बाहेर काढतात, भेटल्यावर हात जोडतात, आणि कोणाला पाय लागला तर आपल्यासारखेच ओशाळतात. भाषेतही अशी ओळखीची माणसे जागोजाग भेटतात. रविवार म्हणजे 'वान आथित', म्हणजे आदित्यवार. सोमवार 'वान चान', बुधवार 'वान फुत', शुक्रवार 'वान सुक'. शाळामास्तरांना 'ख्रू' म्हणतात, ते आपले गुरू. तिथल्या ललितकला खात्याच्या मुद्रेवर चक्क गणपती आहे. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, आपल्याकडे त्रिपुर लावतात त्याच दिवसांत, सगळा गाव नदीकाठी जाऊन केळीच्या पानांचे द्रोण पाण्यात सोडतो. द्रोणात फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती. वर्षभर पाणी वापरले, घाण केले, त्याबद्दल ते 'मे खोंगखा'ची क्षमा मागतात. खोंगखा म्हणजे आपली गंगा! पहिल्या वर्षी हे कळल्यावर सौ.चे डोळे भरून आले होते.

तोटेही पहिल्याच वर्षी कळले. पण ते पाहुण्यांना हसून सांगण्याजोगे. थाई भाषा पाच सुरांत बोलतात. 'मा' सपाट सुरात म्हटले तर 'ये', चढत्या सुरात म्हटले तर 'कुत्रा', आणि उंच सुरात म्हटले तर 'घोडा'. घरी आलेल्या पहिल्याच थाई पाहुण्याला मी दारात उभा राहून कोणता प्राणी केले, देव जाणे. तो मात्र हसत आत आला. तिथे पुरुष वाक्याच्या शेवटी आदराने 'ख्राप' म्हणतात आणि बायका 'खा'. मी भाषा शिकलो कारखान्यातल्या कामकरी बायकांकडून. त्यामुळे सहा महिने मी सगळ्यांशी बाईमाणसासारखा बोलत होतो. एवढा आडदांड डाइंग मास्टर 'खा, खा' करतो याची कोणी थट्टा केली नाही. एका म्हाताऱ्या फोरमनने मला बाजूला घेऊन हलकेच सांगितले, इतकेच.

जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. कशातही 'नाम्प्ला' नावाचे माशांचे पाणी. आम्ही मालवणी माणसे, माशांना घाबरणारी नव्हे. पण संकष्टीचे काय? एका संकष्टीला बाजारात साबुदाण्याचे वाफवलेले गोळे दिसले. पांढरेशुभ्र, वर तळलेला लसूण. लसूण काढून टाकू, म्हणून सौ.ने हौसेने पुडा घेतला. घरी येऊन फोडले तर आत डुकराचे मांस! "साबुदाण्यानंसुद्धा दगा दिला," असे म्हणून त्या दिवशी ती केळी खाऊन राहिली. पुढे फाहुरातचा हिंदी बाजार सापडला. कढीपत्ता, मूगडाळ, हिंग सगळे मिळू लागले. जिभेचे तोटे असे वर्षभरात भरून निघतात.

कागदांचे निघत नाहीत. परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. कामाचा परवाना म्हणजे तेव्हा निळ्या रंगाचे एक पुस्तक असे. नोकरी गेली की पुस्तक गेले आणि त्याबरोबर राहण्याचा हक्कही. जमीन घेता येत नाही. इमारतीतला गाळा घेता येतो, पण एका इमारतीतली शंभरातली एकोणपन्नास टक्केच जागा परदेशी लोकांच्या नावावर असू शकते. आणि नवऱ्यामागून आलेल्या बायकोला स्वतःच्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. सौ. भांडुपच्या शाळेत अकरा वर्षे गणित शिकवत होती. बँकॉकला तिने एकच विद्यार्थिनी शिकवली, आमची मुलगी. पगाराचा चौपट आकडा मी सगळ्यांना सांगत असे. त्यातून तिचा पगार वजा करायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचले.

त्या चौपटीचाही भरवसा नव्हता. १९९७ च्या २ जुलैला थायलंडच्या सरकारने आपले नाणे मोकळे सोडले. तोवर एका डॉलरला पंचवीस बात पडत. पुढल्या जानेवारीत पन्नासाच्या वर पडू लागले. मुलुंडला घेऊ म्हणून ठरवलेली जागा सोडून द्यावी लागली. कारखान्यातली निम्मी माणसे घरी गेली. मी राहिलो, कारण मी गेलो असतो तर रंगाचे माप कोणी काढायचे?

पण हे सगळे तोटे पैशाचे. त्या मुलाच्या कागदावर नसलेला तोटा मला २००५ साली कळला.

२६ जुलै, मंगळवार. संध्याकाळी कारखान्यातून घरी आलो तेव्हा मुंबईत पावसाने कहर केल्याचे समजले. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची चाळ बैठी, सखल जागेतली. तिथे आई, दादा आणि वहिनी. फोन लावला, लागला नाही. रात्रभर लावत होतो. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा आवाज ऐकू आला. घरात कमरेइतके पाणी होते. दादा ऑफिसात अडकलेले. शेजारच्या मुलांनी आईला खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन पलीकडच्या इमारतीत पोचवले होते.

आईने फोन घेतला. म्हणाली, "तुझ्या डिप्लोमाचा कागद पेटीत होता रे. भिजला. वाळत घातलाय, पण शाई फुटलीय."

मी दुसऱ्या आठवड्यात पैसे पाठवले. चाळीतले सगळे गाळ उपसत होते. माझे गाळ उपसणे म्हणजे बँकेच्या खिडकीपुढे उभे राहणे. वहिनींनी आभार मानले. घरच्या माणसाचे कोणी आभार मानते का?

सहा वर्षांनी बँकॉकचा पूर आला. २०११ च्या ऑक्टोबरात उत्तरेकडून पाणी हळूहळू शहराकडे सरकत होते. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. २५ तारखेला डॉन मुआंगचा विमानतळ बंद झाला. आमचे बिऱ्हाड त्याच बाजूच्या एका गल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. गल्लीतले लोक तोंडाशी वाळूची पोती रचत होते. मीही बाह्या सरसावून गेलो. त्यांनी हसून हात जोडले, मला एक खुर्ची दिली आणि थंड पाण्याची बाटली दिली. मी पोत्याला हात घातला, तर एका मुलाने तो अलगद सोडवला. समोरच्या शेवया विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुम्ही आपल्या देशात जाऊन या. घराकडं आम्ही बघतो."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी नातवाकरवी आमच्या दारातही पोती रचून घेतली. मी खुर्चीत बसून ते पाहत राहिलो. त्या रात्री आम्ही सुखुमवितला एका स्नेह्यांकडे गेलो. टेबलावर दोन पणत्या लावून सौ. म्हणाली,

"अहो, सतरा वर्षांत इथं कुणी एकदाही आपल्यावर रागावलं नाही. रागावतात ते आपल्या माणसांवर."

मला एकदम आमच्या मुलीची आठवण झाली. ती थाई झकास बोलते. हिशेब अजूनही थाईतच करते. आजीचे मराठी तिला फोनवर कळे, पण आजीचा राग कळत नसे. आजी ओरडली की ती घाबरून फोन माझ्या हातात देई.

२०१३ साली आम्ही परतलो. चाळीच्या जागी आता इमारत उभी होती. दादा दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने. पहिल्या दिवशी वर गेलो तर वहिनींनी चहा आणला तो फुलाफुलांच्या कपबशीतून. घरातली बाकीची माणसे स्टीलच्या पेल्यातून पीत होती. महिना झाला, दोन महिने झाले, कपबशी काही सुटेना. तिकडून सुटलो ते इकडे पाहुणा होऊन बसलो.

त्या पावसाळ्यात दादा-वहिनी गावाला गेले आणि मी आईजवळ झोपायला गेलो. रात्री दोनला आईला धाप लागली. तिला बोलवेना, ती नुसती हाताने दाखवत होती. औषध कुठे असते ते मला ठाऊक नव्हते. मी कपाट उपसले, खण उपसले. शेवटी शेजारचे दार वाजवले. शेजारची कॉलेजात जाणारी पोर झोपेतून उठून आली आणि सरळ देव्हाऱ्याखालच्या खणातून गोळी काढून तिने आईच्या जिभेखाली ठेवली. एकोणीस वर्षे त्या गोळ्यांचे पैसे मीच पाठवत होतो.

आई त्या रात्री सावरली. पुढे दोन वर्षे होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गोळ्या मी देऊ लागलो, डॉक्टरकडे मी नेऊ लागलो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी मला दुधावर लक्ष ठेवायला सांगितले, आणि मी वर्तमानपत्रात गुंगलो.

"भावजी! लक्ष कुठं असतं तुमचं? सगळं दूध उतू घालवलंत!" वहिनी कडाडल्या. ओटा पुसून झाल्यावर त्यांनी उरलेल्या दुधाचा चहा केला आणि माझ्यापुढे आदळला. स्टीलच्या पेल्यात. जीभ भाजली, पण असा चहा मी एकोणीस वर्षांत प्यालो नव्हतो.

आता त्या मुलाला काय सांगू? जाऊ नकोस म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या मुलुखाने मला अन्न दिले, मुलीचे शिक्षण दिले, अडचणीत दाराशी वाळूची पोती रचून दिली. मी गेलो नसतो तर आईच्या गोळ्यांना पैसे कुठून आले असते? फायद्याचा रकाना लांबच आहे. पण पाहुणपण दोन्ही रकान्यांत लिहावे लागते, आणि ते तिथे जितके वाढते तितकेच इथेही नकळत वाढत जाते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

काल तो पुन्हा आला. मी म्हटले, "जा बाबा. पण जाण्यापूर्वी आईची औषधं कुठल्या खणात असतात ते बघून ठेव. आणि दर खेपेला आलास की पुन्हा बघ, खण बदलतात."

त्याने मान डोलावली. कागदावर लिहून घ्यावे की नाही, याच विचारात तो होता. तेवढ्यात सौ. बाहेर आली.

"आणि कुकरच्या दोन रिंगा जास्तीच्या ने," ती म्हणाली.

ते मात्र त्याने लगेच लिहून घेतले.